ढोलीचा हिशेब

आमच्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला, एक जुना वर्षावृक्ष उभा आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस त्याच्या बुंध्यावर एक छापील नोटीस डकविण्यात आली. रस्त्याच्या रुंदीकरणात अडथळा ठरणारे, तसेच आतून पोकळ झाल्यामुळे धोकादायक बनलेले हे झाड काढण्याचे योजिले असून कोणाची हरकत असल्यास ती सात दिवसांच्या आत लेखी नोंदवावी, असा तिचा आशय होता. झाडाचे वय पासष्ट वर्षे दाखविले होते आणि त्याच्या बदल्यात पासष्ट रोपे लावण्यात येतील, अशी हमीही खाली दिलेली होती. या नोटिशीच्या बरोबर वर, सुमारे पंधरा फुटांवर, पूर्वी कधीतरी एक मोठी फांदी मोडून पडली आहे. त्या जागी झालेल्या ढोलीत पिंगळ्यांचे एक जोडपे निदान सहा वर्षे राहत आहे. नोटिशीतील ‘पोकळ’ हा शब्द आणि त्या जोडप्याचे घर या दोन गोष्टी वस्तुतः एकच आहेत, हे नोटीस लिहिणाराच्या ध्यानी येण्याचे काही कारण नव्हते. तो भर दुपारी आला असणार आणि बुंध्याचा घेर मोजून परत गेला असणार.

अर्थशास्त्र शिकविणाऱ्या माणसाने घुबडांविषयी लिहावे, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या वस्तूंना बाजारात भाव नाही, त्या हिशेबातून कशा गळतात आणि त्यांची किंमत पुढे कोणाला मोजावी लागते, हा आमच्या शास्त्रातील एक जुना प्रश्न आहे. शहरातले घुबड हे त्याचे इतके चपखल उदाहरण आहे की, वर्गात त्याचा उपयोग मी अनेक वर्षे करीत आलो आहे.

शहरात घुबडे असतात, हेच मुळी पुष्कळांना पटत नाही. घुबड म्हटले की स्मशान, पडका वाडा, फार तर दाट अरण्य, अशी आपल्या मनातील चित्रे आहेत. प्रत्यक्षात महाराष्ट्रातील बहुतेक शहरांत, आणि पुण्या-मुंबईसारख्या महानगरांतही, घुबडांचा वावर आहे. त्यांतला सर्वांत परिचित तो पिंगळा. मैनेहून फारसा मोठा नसलेला, राखी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके असलेला, वाटोळ्या पिवळ्या डोळ्यांचा हा पक्षी दिवसासुद्धा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला दिसतो. आपण टक लावून पाहू लागलो की तो अंग खाली-वर झुकवून आपल्याकडे पाहतो. एखाद्या वसुली कारकुनाने चष्म्यावरून थकबाकीदाराकडे पाहावे, तसा तो आविर्भाव असतो. दुसरे गव्हाणी घुबड. बदामाच्या आकाराच्या पांढऱ्या चेहऱ्याचे हे घुबड माणसाच्या वस्तीशी पिढ्यान्‌पिढ्या जोडले गेले आहे. त्याचे नावच गोठ्याशी असलेले जुने नाते सांगते. मुंबईतील जुन्या दगडी इमारतींचे पोटमाळे, बंद गिरण्यांच्या छपरांचे आडोसे, पुण्यातील वाड्यांची माळवदे ही त्याची घरे. तिसरे शृंगी घुबड, कानांच्या जागी पिसांचे दोन तुरे मिरविणारे आणि चांगले दांडगे. ते शहराच्या आत सहसा येत नाही. पण शहरे ज्या टेकड्यांना आणि सोडून दिलेल्या दगडखाणींना जाऊन भिडली आहेत, तिथल्या कपारींत ते राहते. पुण्याच्या टेकड्यांवर संध्याकाळी फिरावयास जाणाऱ्यांपैकी काहींनी त्याचा खोल, घुमणारा हुंकार ऐकलेला असेल आणि तो कुठल्या तरी यंत्राचा आवाज म्हणून सोडूनही दिला असेल.

ही घुबडे पाहावयास महागडी दुर्बीण लागत नाही. लागतो तो थोडा वेळ आणि मान वर करण्याची सवय. सूर्य मावळल्यानंतरचा अर्धा तास हा उत्तम. जुन्या झाडांच्या रांगेतला रस्त्यावरचा दिवा निवडावा. दिव्याभोवती किडे जमतात, आणि किड्यांसाठी पिंगळा येतो. तारेवर, खांबाच्या आडव्या दांडीवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर बसून तो झेप घेतो आणि पुन्हा तिथेच येऊन बसतो. त्याची चिरचिर, किलबिल आणि मध्येच भांडण लागल्यासारखा कलकलाट एकदा ओळखीचा झाला की मग तो शहरभर ऐकू येऊ लागतो. दिवसा शोध घ्यावयाचा असेल तर कावळ्यांकडे लक्ष ठेवावे. एका फांदीभोवती दहा-वीस कावळे जमून आकांत करीत असतील, तर पानांच्या गर्दीत बहुधा एखादे घुबड अंग चोरून बसलेले असते. पंचतंत्राच्या तिसऱ्या तंत्रात विष्णुशर्म्याने कावळे आणि घुबडे यांचे हाडवैर रंगविले आहे. ते केवळ कविकल्पनेतून आलेले नाही. रात्री घुबड कावळ्यांच्या घरट्यावर जाते आणि दिवसा कावळे त्याचा सूड उगवितात. मुंबईत गव्हाणी घुबड भरदिवसा कोणाच्या तरी खिडकीत येऊन बसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. त्यांतली बहुतेक घुबडे कावळ्यांनी पिटाळलेली असतात. खिडकीच्या मालकाच्या भवितव्याशी त्यांचा काही संबंध नसतो.

आणखी एक खूण जमिनीवर मिळते. घुबड उंदीर सबंध गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची बोटभर लांबीची गोळी करून ओकून टाकते. ज्या आडोशाखाली अशा करड्या गोळ्या आणि चुन्यासारखे पांढरे शिंतोडे दिसतील, तिथे वर कोणी तरी राहते असे खुशाल समजावे. गव्हाणी घुबडाची अशी एक गोळी एकदा मी वर्गात नेली होती. पाण्यात भिजवून सुटी केली, तेव्हा तीत तीन लहान कवट्या निघाल्या आणि त्यांच्या पुढच्या दातांचा नारिंगी रंग अद्याप शाबूत होता. नमुना-पाहणी म्हणजे काय, हे त्या तासाला जितके मुलांना समजले, तितके ते फळ्यावरच्या सूत्रांनी पूर्वी कधी समजले नव्हते. या पक्ष्याचा एक कान दुसऱ्याहून किंचित वर असतो, त्यामुळे आवाज कोणत्या बाजूने आणि किती उंचीवरून आला हे त्याला अचूक कळते. संपूर्ण अंधारातही ते केवळ कानांच्या बळावर उंदीर पकडते, हे रॉजर पेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रयोगांनी सिद्ध केले. पंखांच्या कडेची पिसे फणीसारखी दातेरी असल्याने त्याच्या उड्डाणाचा आवाज होत नाही. उंदराला तो येताना कळत नाही आणि आपल्यालाही नाही.

आपल्या न पाहण्याचे याहून बोलके उदाहरण महाराष्ट्रातच घडले आहे. पिंगळ्याचा एक दुर्मिळ भाऊबंद रानपिंगळा. एकोणिसाव्या शतकात, १८७३ मध्ये, त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. १८८४ नंतर तो कोणालाच खात्रीलायकपणे आढळला नाही आणि पुढे नामशेष झाला असे जवळजवळ गृहीतच धरले गेले. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन व त्यांच्या अमेरिकन सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या जंगलात, दिसला. तोही एका झाडावर सकाळच्या उजेडात बसलेला! मध्ये तब्बल ११३ वर्षे गेली होती. २०१४ मध्ये तो मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तानसाच्या अभयारण्यातही आढळला. आता शहाद्याच्या रानात राहणाऱ्या माणसांना तो त्या ११३ वर्षांत दिसलाच नसेल, असे कोण म्हणेल? परंतु त्यांना कोणी विचारले नव्हते.

घुबडाकडे न पाहण्यामागे आळसाखेरीज भयही आहे. ज्या घरावर घुबड बसते ते घर ओसाड पडते, ही समजूत शिकलेल्यांच्याही मनात घर करून आहे. कार्यकारणभाव उलटा वाचल्याचा हा एक सुंदर नमुना होय. घर ओसाड पडले, वर्दळ थांबली, माळ्यावर उंदीर माजले, म्हणून घुबड तिथे आले. दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्यांतली एक दुसरीचे कारण असते, असे मानण्याची ही खोड आकडेवारीचे अहवाल लिहिणाऱ्या आमच्या व्यवसायबंधूंनाही आहे. तेव्हा सामान्य माणसाला दोष देण्यात अर्थ नाही.

परंतु लोकसमजुतींचा हिशेब एकतर्फी मांडता येत नाही. आपल्याकडे अशीही एक समजूत आहे की, घुबडाला दगड मारला तर ते तो दगड उचलून पाण्यावर नेते आणि घाशीत बसते. दगड जसजसा झिजतो, तसतसा मारणारा माणूस झिजत जातो. लहानपणी आजीच्या तोंडून हे ऐकल्यावर हातातला दगड खाली टाकणारी मुले माझ्या पिढीत पुष्कळ होती, आणि मीही त्यांतलाच एक. कायद्याच्या कलमाने जे संरक्षण या पक्ष्याला क्वचितच दिले, ते या एका कथेने गावोगावी दिले. पहाटे कंदील घेऊन दारी येणारा आणि भविष्य सांगणारा पिंगळा तर या पक्ष्याचेच नाव घेऊन फिरे. पक्ष्याची भाषा त्याला कळते, असा लोकांचा विश्वास. कणादांच्या वैशेषिक दर्शनाला आपल्या परंपरेत ‘औलूक्य दर्शन’ असेही म्हटले जाते. म्हणजे उलूक हे नाव एके काळी तत्त्वज्ञानालाही चालत होते. आज मात्र ते शिवी म्हणून तेवढे उरले आहे.

याच्या उलट, सन्मानाने केलेली हानी अधिक आहे. घुबड हे लक्ष्मीचे वाहन. (आणि ते गणपतीच्या वाहनावर उपजीविका करते, ही गोष्ट दोन्ही दैवतांच्या भक्तांनी आजवर फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.) या नात्याचा विपरीत अर्थ लावून दिवाळीच्या सुमारास तांत्रिक विधींसाठी घुबडांचे बळी देण्याचे प्रकार देशाच्या अनेक भागांत घडतात. ‘ट्रॅफिक’ या वन्यजीव-व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील तीस जातींच्या घुबडांपैकी पंधरा जाती व्यापारात आढळल्याचे नमूद केले आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये हा सारा व्यापार निषिद्ध आहे. तरीही मागणी असते तिथे पुरवठा होतो. यातून घुबडे पाहण्याची आवड असणाऱ्यांवर एक जबाबदारी येते. ज्या झाडावर घुबड सापडले, त्या झाडाचा नेमका पत्ता छायाचित्रासह चव्हाट्यावर मांडणे म्हणजे पारध्याच्या दलालाला फुकट नकाशा पुरविणे होय. घरट्यासमोर रात्री झगझगीत दिवे पाडणे, ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला वारंवार बाहेर काढणे, हेही तितकेच निंद्य. अलीकडे हा उद्योग हौशी मंडळींत वाढत आहे.

आता उंदरांकडे वळू, कारण हिशेबाची खरी रक्कम तिथे आहे. महाराष्ट्रातील शहरांना हा विषय नवा नाही. १८९६ मध्ये मुंबईत आणि पुढच्याच वर्षी पुण्यात प्लेगने जो हाहाकार उडविला, त्याचा इतिहास शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. रँडच्या वधापर्यंतची साखळी त्यातूनच निघाली. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आली, तिचाही संबंध उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्याशी होता. मुंबई महापालिकेने वर्षानुवर्षे रात्रपाळीचे उंदीर मारणारे कामगार ठेवले आहेत. हातात बॅटरी आणि काठी घेऊन, गल्लीबोळांतून, प्रत्येकाने रात्रीला किमान तीस उंदीर मारावेत, असा दंडक. हे काम किती कष्टाचे आणि किळसवाणे असेल, याची कल्पना केलेली बरी. मौज अशी की, हेच काम विनावेतन करणारा एक वर्ग त्याच शहरात त्याच वेळी जागा असतो. गव्हाणी घुबडाची एक जोडी आणि तिची पिले मिळून वर्षभरात जे उंदीर-घुशी खातात, त्यांची संख्या हजारांच्या घरात जाते. या वर्गाची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही, म्हणून तो घटला तरी कोणत्याही अंदाजपत्रकात त्याची तूट दिसत नाही.

तूट दिसत नाही याचा अर्थ ती नसते, असा नव्हे. गिधाडांच्या बाबतीत हे आपण भोगले आहे. जनावरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे नव्वदीच्या दशकात भारतातील गिधाडे झपाट्याने संपत गेली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, तोवर फार उशीर झाला होता. ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या प्रतिष्ठित नियतकालिकात या ऱ्हासाची सामाजिक किंमत काढली. २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी कुजलेली जनावरे, दूषित पाणी आणि भटकी कुत्री यांच्यामुळे सुमारे पाच लाख माणसे अधिक दगावली असावीत, असा त्यांचा अंदाज आहे. गिधाड दिसायला कुरूप, घुबड ऐकायला अशुभ. दोघांनाही वकील मिळणे अवघड. घुबडांविषयी असा अभ्यास आपल्या शहरांत होईल, तेव्हा आकडे अर्थातच इतके भीषण निघणार नाहीत. पण ते शून्यही निघणार नाहीत, आणि आज आपण शून्य धरून चाललो आहोत.

उंदरांवरचा सोपा उपाय म्हणून आपण विष वापरतो. रक्त गोठू न देणारी जी विषे बाजारात मिळतात, ती उंदराला लगेच मारीत नाहीत. तो दोन-चार दिवस सुस्तावून, उघड्यावर, अडखळत फिरतो. म्हणजे घुबडासाठी ताटच वाढलेले असते. विषारी उंदरांमागून उंदीर खाऊन ते विष घुबडाच्या यकृतात साठत जाते. न्यूयॉर्कमध्ये याचे प्रत्यंतर साऱ्या जगाने पाहिले. तिथल्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातील फ्लॅको नावाचे मोठे घुबड, कोणीतरी पिंजऱ्याची जाळी कापल्याने, फेब्रुवारी २०२३ मध्ये बाहेर पडले आणि वर्षभर त्या महानगरात उंदीर-कबुतरांवर स्वतंत्रपणे जगले. त्याला पाहावयास लोक रात्री रस्त्यात थांबत. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते एका इमारतीशी आपटून मेले असे प्रथम वाटले. शवविच्छेदनात मात्र कबुतरांपासून जडलेल्या रोगाबरोबरच चार प्रकारच्या उंदीरनाशक विषांचे अंश त्याच्या अंगात सापडले. जे शहर त्याच्या खिडकीतल्या दर्शनाने हरखून जात होते, त्याच शहराने तळघरांत ठेवलेले ते विष होते.

परंतु माझ्या मते आपल्याकडील घुबडांपुढचे पहिले संकट विषाचे नाही, अंधश्रद्धेचेही नाही. ते घरटंचाईचे आहे.

घुबड स्वतः ढोली कोरीत नाही. सुतार आणि तांबट पक्षी कोरतात. पण त्यांची बिळे पिंगळ्याला बहुधा अपुरी पडतात. पिंगळ्याला हवी ती जागा काळच करून देतो. एखादी जाड फांदी वादळात मोडते, जखमेतून पावसाचे पाणी आत शिरते, बुरशी मधले मृत लाकूड हळूहळू खाते, आणि काही दशकांनी आत वीतभर-हातभर खोल पोकळी तयार होते. वड, पिंपळ, उंबर, आंबा, चिंच, वर्षावृक्ष या जुन्या झाडांतच हे घडते. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर ढोली हे संचित भांडवल आहे. ते पैसे टाकून उद्या उभे करता येत नाही.

आमचा कायदा मात्र ते करता येते असे मानतो. महाराष्ट्रातील नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा १९७५ चा, आणि तो त्या काळाच्या मानाने दूरदृष्टीचाच म्हणावा लागेल. वृक्ष प्राधिकरण, ठरावीक मुदतीने वृक्षगणना, तोडीपूर्वी जाहीर नोटीस व हरकतींची संधी, हे सारे त्यातूनच आले. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय तितकी नवी झाडे लावावीत, असा भरपाईचा नियम घातला. हेतू निःसंशय स्तुत्य होता, कारण पूर्वीच्या मानाने जुने झाड तोडणे त्यामुळे महाग झाले. तथापि पासष्ट वर्षांचे एक झाड आणि एक-एक वर्षाची पासष्ट झाडे यांची बरोबरी फक्त कागदावर होते. साठीच्या एका अनुभवी वैद्याच्या जागी एक-एक वर्षाची साठ बालके नेमल्यास रुग्णालयाची आस्थापना पूर्ण भरली, असे कोणी म्हणणार नाही. त्या पासष्ट रोपांपैकी सगळी जगली असे गृहीत धरले, तरी त्यांच्यातली पहिली ढोली दिसायला आजची महाविद्यालयीन मुले निवृत्त व्हावी लागतील. आणि तोवर त्यांपैकी किती झाडे पुन्हा कुठल्या रुंदीकरणात सापडतील, हा प्रश्न वेगळाच.

शिवाय ढोली ही झाडाच्या परीक्षेत दोष म्हणूनच गणली जाते. तपासनीस बुंध्यावर थाप मारतो. पोकळ आवाज आला की ‘धोकादायक’ असा शेरा पडतो. हा शेरा नेहमीच चुकीचा असतो असे नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पावसाळ्यात झाडे कोसळून आपल्या शहरांत माणसे मरतात. ज्याच्या घरचे माणूस असे गेले, त्याला पिंगळ्याच्या घराची महती सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही. परंतु धोका बहुधा झाडाच्या माथ्याचा असतो, वजनदार आडव्या फांद्यांचा असतो. माथा उतरवून बुंधा दहा-पंधरा फुटांवर उभा ठेवला, तर धोका जवळजवळ जातो आणि ढोली राहते. इंग्लंडमध्ये जुन्या उद्यानांत हे सर्रास केले जाते. आपल्याकडे मात्र झाड एक तर संपूर्ण ठेवायचे नाही तर मुळापासून काढायचे, असे दोनच पर्याय फायलीवर येतात. रस्त्याच्या मध्यावर आलेल्या झाडाला हा तिसरा पर्याय लागू पडणार नाही, हे खरे. कडेच्या झाडांना निश्चित लागू पडेल.

दुसरी बाब छाटणीच्या वेळापत्रकाची. पावसाळ्यापूर्वीची छाटणी मार्चपासून मेपर्यंत चालते. पिंगळ्यांची वीण साधारणतः हिवाळ्याच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत असते. अंडी उबायला सुमारे महिना आणि पिले ढोलीबाहेर पडायला आणखी सुमारे महिना लागतो. म्हणजे करवत नेमकी पिलांच्या वेळी झाडावर चढते. ही गोष्ट कोणाच्या दुष्टपणाने घडत नाही. दोन पंचांगे कोणी शेजारी-शेजारी ठेवून पाहिली नाहीत, इतकेच. पोकळ झाडांची छाटणी पावसाळ्यानंतर, दिवाळीच्या आधी उरकली, तर खर्चात एका रुपयाचाही फरक पडणार नाही. वृक्षगणनेच्या तक्त्यात ‘ढोली आहे किंवा नाही, व तीत कोण राहते’ असा एक रकाना वाढवावयासही फारसा खर्च नाही. गणकाला त्यासाठी एकदा संध्याकाळी यावे लागेल, एवढेच.

गव्हाणी घुबडाच्या बाबतीत काम आणखी सोपे आहे, कारण त्याला लाकडी पेटी चालते. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत आणि इस्रायलमध्ये शेतांच्या बांधांवर अशा पेट्या बसवून उंदरांचा बंदोबस्त गेली कित्येक वर्षे केला जात आहे. इस्रायलमध्ये १९८० च्या दशकात सुरू झालेल्या या उपक्रमात पुढे जॉर्डन आणि पॅलेस्टाइन इथले शेतकरीही सामील झाले, आणि जिथे माणसांच्या सीमा बंद होतात तिथे घुबडे ये-जा करीत राहिली. आपल्याकडे वाडे पडून त्यांच्या जागी सपाट गच्च्यांच्या इमारती येत आहेत. त्यांना ना माळा, ना वळचण. धान्याची गोदामे, बाजार समित्यांची आवारे, जुनी सरकारी कार्यालये यांच्या छपरांखाली अशा पेट्या बसविण्यास कोणाची हरकत असावी, असे वाटत नाही. बसवताना एक पथ्य मात्र पाळावे लागेल: जिथे पेटी, तिथे विष नाही. दोन्ही एकत्र ठेवणे म्हणजे पाहुण्याला जेवावयास बोलावून ताटात काय वाढले हे न सांगणे होय.

आमच्या फाटकाबाहेरच्या झाडाविषयी मी मुदतीत हरकत नोंदविली आहे. संबंधित कारकुनाने ती सौजन्याने घेतली, पोच दिली आणि ‘घुबडासाठी?’ असे एकदाच विचारले. झाड पूर्ण न काढता माथा उतरवून बुंधा ठेवावा, पदपथ त्याच्या मागून न्यावा, आणि काम निदान पावसाळ्यानंतर करावे, अशी माझी मागणी आहे. सुनावणी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात ठेवली आहे. गेले काही दिवस जोडप्यातला एकच पक्षी बाहेर दिसतो. दिवे लागले की तो खांबावर येतो, किडा टिपतो आणि तो न खाता ढोलीत नेतो. त्यावरून मादी अंड्यांवर बसली असावी, असा माझा कयास आहे, आणि तसे असेल तर सुनावणीच्या दिवशी पिले आतच असतील. या तारखा मी एका स्वतंत्र कागदावर लिहून हरकतीला पुरवणी म्हणून जोडल्या आहेत.